पलंगाखालचा जावई

ड्रायव्हिंगची परीक्षा घेणाऱ्या त्या साहेबांना सगळे ब्रेकसाहेब म्हणायचे. परीक्षेच्या गाडीत त्यांच्या पायापाशी एक जादा ब्रेक बसवलेला होता आणि तो दाबायला त्यांना फारसं निमित्त लागत नसे. समोर कुत्रं आलं, दाब. कुत्रं येईलसं वाटलं, दाब. त्यांचा चेहरा म्हणजे बंद दुकानाचं शटर. शेजारच्या सीटवरून त्यांनी एकदा मान वळवून बघितलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. कोणी घाबरून वायपर सुरू करायचं, कोणी हॉर्नवर कोपर टेकवायचं, आणि एका धष्टपुष्ट खाटकाने तर गिअर समजून साहेबांचा गुडघाच दुसऱ्यात टाकायचा प्रयत्न केला होता.

साहेब कधी हसत नसत. लोकांना वाटायचं, माणूस कडक आहे. खरी गोष्ट अशी, की साहेबांना स्वतःच्या हसण्याची भीती वाटायची. ते हसणं चारचौघांसारखं नव्हतं. आधी नाकातून शिटी, मग गाढवालाही लाज वाटावी असा लांबलचक ओरडा, मग उचकी, आणि परत शिटी. एकदा सुरू झालं की थांबवणं त्यांच्या हातात नसे. विनोदाचं त्यांना भय नव्हतं. विनोद ते कोरड्या तोंडाने ऐकून घेत. भय होतं तळपायांचं. तळपायाला कुणाचं बोट लागलं की संपलंच. तरुणपणी बुटांच्या दुकानात विक्रेत्याने माप घ्यायला त्यांचा पाय हातात धरला, तेव्हा ते असे उसळले होते की मागचं अख्खं कपाट खाली आलं आणि विक्रेत्याला बुटांच्या ढिगातून उपसून काढावं लागलं. त्यानंतर त्यांनी कुणाला पायाचं माप दिलं नाही. अंदाजाने एक नंबर मोठे बूट घ्यायचे आणि फटक फटक करत चालायचं. घरात मोजे, अंथरुणात मोजे, उन्हाळ्यातसुद्धा मोजे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोने नवऱ्याचे तळपाय धड पाहिले नव्हते. तिने विचारलं की साहेब म्हणायचे, "थंडी वाजते," आणि कपाळावरचा घाम पुसायचे.

एवढ्यावर भागलं असतं. पण साहेब झोपेतही ब्रेक दाबायचे. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून तो पाय रात्रीही स्वस्थ राहीना. जरा डोळा लागला की उजवा पाय फाडकन पुढे जायचा, आणि पुढे बायकोची नडगी असायची. ती बिचारी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती, दिवसभर उभी. रात्री झोप नाही, सकाळी नडगीवर निळं.

अशात तिची आत्या राहायला आली.

आत्याच्या घरात नळाचं काम निघालं होतं, भिंती फोडून ठेवल्या होत्या. ते होईपर्यंत ती भाचीकडे राहणार होती. आत्याने उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. नोकरी संपली तरी आवाज संपला नव्हता. ती घरात शिरली तीच बसमध्ये चढल्यासारखी. "दारात गर्दी करू नका! जावईबापू, तुम्ही आत सरका. मागे मोकळंच आहे की!" साहेब स्वतःच्या घरात निमूटपणे आत सरकले.

पहिल्याच संध्याकाळी भाचीची नडगी आत्याच्या नजरेला पडली.

"हे काय गं?"

"काही नाही गं आत्या. ह्यांना झोप लागत नाही. पाय झाडतात."

"झोप लागत नाही? मग पायाला तेल लावत नाही का कुणी?" आत्याने असं विचारलं, जणू घरात कुणी दारं-खिडक्या बसवायलाच विसरलं होतं. "अगं, आमच्या डेपोत दिवसभर उभी राहणारी माणसं. रात्री तळपायाला तिळाचं तेल चोळलं की ओंडक्यासारखी पडायची. काढ वाटी. आजपासून रोज. आधी तू, मग जावईबापू."

स्वयंपाकघरात पाणी पिणाऱ्या साहेबांना ठसका लागला.

त्या रात्री त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. आत्या वाटी घेऊन आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून घोरत होते, आणि घोरण्याची सवय नसल्याने ते घोरणं बरंचसं पाण्याच्या पंपासारखं झालं. आत्या परत गेली. दुसऱ्या रात्री त्यांनी पायाला जखम झाल्याचं सांगितलं. आत्याने औषधाचा डबाच आणला. मग त्यांना सांगावं लागलं की जखम जवळजवळ बरी झाली आहे, म्हणजे दिसत नाही, पण आतून आहे. तिसऱ्या रात्री ते न्हाणीघरात जाऊन बसले ते इतका वेळ, की बायकोने दार ठोठावून विचारलं, "अहो, आत आहात ना?" शेवटी चौथ्या दिवशी जेवताना आत्याने ताटावरून नजर न हटवता सांगून टाकलं, "जावईबापू, बिनतिकिटाचे प्रवासी मी नजरेनेच ओळखायची. ते असेच झोपेचं सोंग घ्यायचे. आज पळायचं नाही."

साहेबांनी घास पाण्याबरोबर गिळला. नाही म्हणून सांगायची सोय नव्हती, कारण बायको त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघत होती. आणि खरं सांगायची तर त्याहून नव्हती. ज्या माणसाला बघून खाटीकही थरथर कापतो, त्याने बायकोच्या आत्याला सांगायचं, की मला गुदगुल्या होतात?

त्यांनी शेजारच्या पोस्टमनला गाठलं.

हा पोस्टमन त्यांचा जुना शेजारी. दोघं तळमजल्यावर, भिंतीला भिंत लागून. एकटा जीव, स्वभावाने गरीब, संध्याकाळी साहेबांशी बुद्धिबळ खेळायचा आणि रोज हरायचा.

"माझ्या जागी तू झोप," साहेब म्हणाले.

"कुठे?"

"माझ्या पलंगावर."

पोस्टमनने हातातला घोडा खाली ठेवला. "अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"फक्त तेल लावेपर्यंत. तोंडावरून पांघरूण घ्यायचं, पाय बाहेर ठेवायचे. मी सांगीन की उजेडाने डोळे दुखतात, म्हणजे दिवा बंद राहील. आत्या तेल लावेल, जाईल, तू खिडकीतून घरी."

"आणि तुझी बायको?"

"तिच्या पायांना आधी लावतात. मग तेल जिरेपर्यंत तिला बाहेरच्या खोलीतून हलायची परवानगी नसते. आत्याचा नियम आहे."

"आणि आत्या काही बोलली तर? माझा आवाज ओळखणार नाही का?"

याचा साहेबांनी विचार केला होता. "मी पलंगाखाली असेन. बोलायचं काम माझं. तू फक्त पाय हो."

पोस्टमन सहसा कुणाला नाही म्हणत नसे. म्हणूनच तो बुद्धिबळात हरायचा.

तर त्या रात्री, आत्या बाहेरच्या खोलीत भाचीच्या टाचा चोळत असताना, पोस्टमन खिडकीतून आत आला, कपड्यांच्या खुर्चीवर पडला, उठला, आणि पलंगावर चढून डोक्यावरून पांघरूण घेतलं. साहेब पलंगाखाली सरपटत गेले. तिथे एक जुनी बॅग, एक बिघडलेला पंखा आणि बरीच धूळ होती. त्यांनी पंख्याला पोटाशी धरून जागा केली.

आत्या वाटी घेऊन अंधारात आली. "जावईबापू, तयार?"

"हं," पलंगाखालून साहेब म्हणाले.

"आवाज फार खोल गेलाय हो तुमचा."

"सर्दी," साहेब म्हणाले, आणि धुळीमुळे त्यांना तेवढ्यात खरीच शिंक आली. वरचा पोस्टमन हुशारीने त्याच क्षणी पांघरुणात हलला.

आत्या पायथ्याशी बसली आणि कामाला लागली. तिने टाच मुठीत धरून अंगठा असा काही फिरवला, की वरून एक कण्हणं आलं. दुखल्याचं नव्हे, सुखाचं. पोस्टमनच्या पायांना आजवर रस्ता, पायऱ्या आणि लोकांच्या कुत्र्यांखेरीज कुणी हात लावला नव्हता. वर्षानुवर्षांचा शीण तळव्यातून निघून चालला होता.

"बरं वाटतंय ना?" आत्याने विचारलं.

"हो," खालून उत्तर आलं.

"आणि मला सांगा, पगारी रजा घेऊन चार दिवस विश्रांती का घेत नाही तुम्ही? किती राबवायचं शरीराला?"

"काम फार आहे."

"अहो, ह्या पायांवर काय अत्याचार केलेत तुम्ही! टाचेत भेगा बघा. करंगळीवर हे एवढं कुरूप! जावईबापू, तुम्ही बसून काम करता ना?"

पलंगाखाली साहेबांनी पंखा घट्ट धरला. ह्याचा त्यांनी विचार केला नव्हता.

"म्हणजे, बसूनच," ते म्हणाले. "पण कधीकधी उतरतो."

आत्याने ते कुरूप अंगठ्याने आणखी एकदा चाचपलं. तेल संपवून, पायांवर पांघरूण ओढून ती बाहेर गेली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते पलंगाखालून बाहेर आले, पंखा त्यांच्या सदऱ्याला अडकून पाठोपाठ आला. "चल, निघ," ते कुजबुजले.

पोस्टमन गाढ झोपला होता.

साहेबांनी त्याला हलवलं, चिमटा काढला, कानात "तार आली! तार आली!" असंही म्हणून पाहिलं. पोस्टमनने फक्त कूस बदलली आणि साहेबांची उशी जवळ घेतली. बाहेर बायकोच्या सपातांचा आवाज झाला. मग मात्र साहेबांनी त्याला काखेत धरून ओढलं, खिडकीच्या चौकटीवर पोत्यासारखा टेकवला आणि पाय धरून पलीकडे लोटला. हे करताना तेलकट पाय हातातून निसटले. पलीकडे झुडपात धप्प झालं. बायको आत आली तेव्हा साहेब खिडकीशी धापा टाकत उभे होते, सदऱ्याला पंख्याची वायर लोंबत होती.

"काय झालं हो?"

"मांजर," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोस्टमन स्वतःहून आला. चेहरा टवटवीत, केस विंचरलेले. "आजपण आहे ना रे?" त्याने हळूच विचारलं. "मी पाय धुऊन आलोय."

मग रोजचंच झालं. रोज पोस्टमन खिडकीतून यायचा, साहेब खाली जायचे. पोस्टमन दिवसेंदिवस उजळत चालला. पत्रं वाटताना शीळ घालायचा, एकदा तर बुद्धिबळातही जिंकला. साहेब मात्र पलंगाखालच्या धुळीने शिंकून शिंकून बेजार, झोपेत ब्रेक चालूच, आणि बायकोची नडगी होती तशीच निळी.

इकडे आत्याचं डोकं चालायला लागलं होतं. एके सकाळी साहेब कामावर गेल्यावर तिने भाचीला स्वयंपाकघरात गाठलं.

"पोरी, बस जरा. मला एक सांग. जावईबापू खरंच गाडीत बसून काम करतात?"

"म्हणजे काय? इतकी वर्षं तेच करतायत की."

"मग ते पाय रोज कुठे जातात?" आत्याने आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त शेजारच्या घरापर्यंतच गेला. "माझ्या हाताखालून काय कमी पाय गेलेत? हे चालणाऱ्या माणसाचे पाय आहेत. दिवसभर, उन्हातान्हात, जिने चढणाऱ्या माणसाचे. बसून कुरूप होत नसतं."

भाचीने हातातला कप बशीत ठेवला. नवरा अंथरुणातही मोजे काढत नाही. रात्री कधी धापा टाकत खिडकीशी उभा असतो. शिंकतो. सदऱ्याला धूळ असते. तिच्या मनात सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. "आत्या! ह्यांची नोकरी गेली असेल. आणि मला सांगायची लाज वाटते म्हणून बिचारे दिवसभर रस्त्याने फिरत असतील!"

"तसं असेल," आत्या म्हणाली. "नाहीतर कुणाकडे तरी पायी जात असतील. ऊठ. पर्स घे."

लाँड्रीत निरोप पाठवून दोघी थेट परीक्षेच्या मैदानावर गेल्या. मैदानाच्या फाटकाशी उमेदवारांची रांग होती. कोणी नखं खात होतं, कोणी डोळे मिटून हवेतच गिअर बदलत होतं. आणि पलीकडे पांढऱ्या पट्ट्यांपाशी, परीक्षेच्या गाडीत, साहेब व्यवस्थित टाय लावून बसलेले होते. नोकरी काही गेलेली नव्हती.

बायकोचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला. नोकरी गेली नाही, तर मग उरलं ते दुसरंच.

गाडीत त्या वेळी एक केक करणारी बाई परीक्षेला बसली होती. हात इतके सराईत, की थरथरत्या केकवर गुलाबाची पाकळी काढील. पण ब्रेकसाहेब शेजारी बसले की तेच हात लाकडाचे व्हायचे. ती आधी बऱ्याचदा नापास झाली होती. आताही ती स्टिअरिंगला असं धरून बसली होती, जणू ते सोडलं तर खाली पडेल. साहेबांनी नुकतंच "सुरू करा" म्हटलं होतं, तेवढ्यात मागची दोन्ही दारं उघडली आणि दोन बायका आत येऊन बसल्या.

"चल, जाऊ दे!" आत्या सवयीने म्हणाली. केकवालीने दचकून गाडी पुढे सोडली.

"आत्या? तुम्ही? अहो, परीक्षा चालू आहे!"

"आमचीपण चालू आहे," आत्या म्हणाली. "जावईबापू, सरळ सांगा. तुम्ही रोज पायी कुठे जाता?"

"मी? कुठेच नाही. डावीकडे वळा."

"मी वळू?" आत्याने विचारलं.

"तुम्ही नाही, ह्या!"

केकवालीने डावीकडे वळवलं. सिग्नलसुद्धा दिला, कारण मागे जे चाललं होतं ते ऐकताना ती घाबरायचं विसरली होती.

"खोटं नका बोलू," बायको म्हणाली. "आत्याच्या हाताला लागलंय सगळं. भेगा पडल्यात. कुरूप झालंय. माझ्यापासून मोजे घालून लपवता. कोण आहे ती? कुठे राहते? जिने चढून जावं लागतं का?"

केकवालीने आरशात मागे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं, आणि मोठ्या सहानुभूतीने मान हलवली.

"कुणी नाही गं!" साहेब कळवळून म्हणाले. कडक माणसाला बायकोच्या डोळ्यांत पाणी बघवेना. "माझ्या पायांना काहीही झालेलं नाही!"

"दाखवा मग."

"इथे?"

"इथेच," आत्या म्हणाली. "बूट काढा."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. रांगेतले सगळे उमेदवार त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने पदराने नाक पुसलं. मग त्यांनी बूट काढला, मोजा काढला, सीट मागे पाडली, आणि मोठ्या कसरतीने डावा पाय दोन सीटांच्या मधून मागे दिला.

मागे दोघी वाकून बघायला लागल्या.

तो पाय गोरापान होता. मऊ, गुळगुळीत, तान्ह्या बाळाचा असावा तसा. ज्याला वर्षानुवर्षं मोज्याबाहेरचं जग माहीत नाही, असा पाय.

"हा तो पाय नव्हे," आत्या म्हणाली.

"म्हणजे?" बायको म्हणाली.

"मी चोळला तो हा पाय नव्हे! कुरूप कुठाय?" आणि कुरूप शोधायला आत्याने अंगठा तळव्यावरून टाचेपासून बोटांपर्यंत फिरवला.

आधी नाकातून शिटी निघाली. केकवालीला वाटलं वाहतूक पोलीस आला. पाठोपाठ साहेबांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून फाटकाशी बांधलेली बकरी दावं तोडून गेली. साहेब हसत होते. शर्टाची बटणं तुटेपर्यंत, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत, उचक्या देत, गाढवासारखे ओरडत हसत होते, आणि त्यांचा दुसरा पाय सवयीने फाडकन ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली.

केकवालीला वाटलं, हीच ती अचानक थांबायची परीक्षा. तिने शांतपणे क्लच दाबला, हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले, दोन्ही आरशांत बघितलं आणि म्हणाली, "मागे कुणी नाही, साहेब."

"हीऽऽ! हॉऽऽ!" साहेब म्हणाले.

"आता रिव्हर्समध्ये लावू का?"

साहेबांनी हात हलवला. त्यांना "आत्या, पाय सोडा" असं म्हणायचं होतं, पण केकवालीने तो होकार धरला आणि गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध अशी नेऊन ठेवली, की डबीत अंगठी बसावी. ज्या माणसाला असं हसताना बघितलं, त्याची भीती कशाची वाटायची?

आत्याने एकदाचा पाय सोडला. पण तिच्या मनात शंका होती म्हणून तिने बोट पुन्हा एकदा लावून बघितलं. शिटी. सोडलं. गप्प. लावलं. शिटी.

"गुदगुल्या होतात!" आत्या म्हणाली. "अगं, ह्यांना गुदगुल्या होतात!"

बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने हे तोंड असं पाहिलं नव्हतं. तिला आधी राग आला, मग तिचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, आणि मग तीही हसायला लागली. तिच्यामागून आत्या. केकवाली तर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती. हसता हसता बायको एकदम थांबली.

"थांबा," ती म्हणाली. "मग आमच्या पलंगावर कोण झोपत होतं?"

साहेबांचं हसणं तिथल्या तिथे बंद पडलं.

घरी जाईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. त्याआधी केकवालीला पास केलं. सही थोडी वाकडी आली. घराशी आल्यावर बायको म्हणाली, "त्या पोस्टमनला काही सांगू नका. येऊ दे आज."

त्या रात्री ठरल्या वेळी पोस्टमन खिडकीतून आत उतरला. सरावाने आता तो खुर्चीवर पडत नसे. अंधारात पलंगापर्यंत आला, पांघरूण उचललं, आणि खाली वाकून कुजबुजला, "साहेब, आहेस ना रे खाली? आज तिला सांग ना, डाव्या टाचेला जरा जास्त वेळ दे."

दिवा लागला. पलंगाच्या तिन्ही बाजूंना तिघं बसले होते.

पोस्टमनच्या हातून पांघरूण गळून पडलं. त्याने खिडकीकडे बघितलं. खिडकी बायकोने लावून घेतली होती. "मी," तो म्हणाला, "मी एक रजिस्टर्ड पत्र द्यायला आलो होतो."

"अनवाणी?" बायकोने विचारलं.

पोस्टमनचं पार पाणी झालं. तो माफी मागायला लागला. आधी बायकोची, मग आत्याची, मग घाईघाईत कपाटाची. आत्या त्याच्या पायांकडे बघत होती. करंगळीवर कुरूप होतं. ओळखीचा माणूस गर्दीत सापडावा तसा तिचा चेहरा खुलला. "हेच ते!" ती म्हणाली. "अरे, मग दारातून यायला काय झालं होतं? बस इथे. रांगेने घेते सगळ्यांना. पुढे सरका, पुढे सरका!"

आधी भाची झाली, मग पोस्टमन झाला. तो बसल्या जागीच पेंगायला लागला, तेव्हा त्याला शुद्धीत असतानाच दारातून घरी पाठवण्यात आलं. मग आत्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बायकोच्या नडगीकडे बघितलं, डोळे मिटले, आणि दोन्ही मोजे काढले.

"मी हसेन हं," ते म्हणाले.

"हसा की," बायको म्हणाली. "मी धरते तुम्हाला."

आणि खरंच ती त्यांच्या छातीवर आडवी पडून राहिली, आणि आत्याने पाय काखेत पकडून तेल चोळलं. साहेबांच्या हसण्याने भांडी वाजली. वरच्या मजल्यावरच्यांनी काठी आपटली. समोरच्या इमारतीत दिवे लागले आणि कुणीतरी ओरडून विचारलं, की जनावर सुटलंय का. आत्याने खिडकी उघडून तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "जनावर नाही, जावई आहे!" मग शिट्ट्या विरळ होत गेल्या, ओरडा आखूड झाला, उचकी तेवढी राहिली. साहेब हसून हसून इतके दमले होते, की एका उचकीच्या मधेच त्यांना झोप लागली. उजवा पाय एकदा जरासा हलला. ब्रेकपर्यंत काही गेला नाही.

आत्याच्या घरचे नळ पुढे नीट झाले आणि ती परत गेली. आता बायकोच तेल लावते. मैदानावर साहेबांचा चेहरा अजून शटरासारखाच असतो. फक्त केकवालीने सगळीकडे सांगून ठेवल्यामुळे कुणी घाबरत नाही, आणि बरेच उमेदवार परीक्षेला बसताना साहेबांच्या बुटांकडे बघून ओठ दाबून हसतात. साहेब म्हणतात, "समोर बघा." रात्री इमारतीतली माणसं तो ओरडा ऐकला की दिवे मालवतात. आणि पोस्टमन आत्याच्या गावच्या भागात बदली मागायच्या विचारात आहे.